वेबसाइट आमची, चावी कोणाची?

सोलापूरचा व्यापारी साधा टॉवेल घेतानाही तो उलटून पाहतो, दोऱ्याला बोट लावतो, काठाची शिलाई ओढून बघतो. तोच व्यापारी आपल्या पेढीची वेबसाइट बनवून घेताना मात्र "किती घेणार आणि कधी देणार?" हे दोनच प्रश्न विचारतो आणि आगाऊ रक्कम देऊन मोकळा होतो. माल कसा बनतो, कोण बनवतो आणि बनल्यावर तो कोणाच्या नावावर राहतो, याची चौकशी कोणी करीत नाही. ही सवय धंद्याला महाग पडणारी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

समजा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील एका टॉवेल कारखानदाराने ओळखीतल्या मुलाकडून वेबसाइट करून घेतली. वेबसाइटचा पत्ता खोक्यांवर, बिलबुकावर आणि व्हिजिटिंग कार्डावर छापला. परगावच्या ग्राहकांना तो पत्ता पाठ झाला. तीन वर्षांनी मुलाला हैदराबादला नोकरी लागली, त्याचा फोन नंबर बदलला. एके दिवशी वेबसाइट उघडेना. चौकशी केल्यावर समजले की पत्त्याची नोंदणी त्या मुलाच्या नावावर होती, मुदत संपल्याची सूचना त्याच्या जुन्या ई-मेलवर गेली होती आणि ती कोणी पाहिलीच नव्हती. आता तो पत्ता परत मागायचा तर नोंदणीदार कारखानदार नाही, तो मुलगा आहे. यात मुलाने लबाडी केली असेच काही नाही. त्या दिवशी घाई होती, फॉर्म भरायचा होता, त्याने स्वतःचे नाव टाकले. दुकानाची भाडेपावती कोणाच्या नावावर आहे हे ज्याने दहा वेळा तपासले असते, त्याने ही एक गोष्ट तपासली नाही, एवढाच काय तो दोष.

म्हणून वेबसाइट म्हणजे काय, ती कोण कोण मिळून बनवतात आणि मालकाने काय आपल्या हातात ठेवावे, हे आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांसमोर सरळ शब्दांत मांडणे आम्हाला गरजेचे वाटते. ही विद्या काही आकाशातून पडलेली नाही. मागावर काम केलेल्या शहराला तर ती मुळीच परकी वाटायला नको.

मागाशी जुने नाते

सोलापुरी चादरीवरची नक्षी जॅकार्डच्या मागावर उतरते. फ्रान्सच्या लियों शहरातील जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ मध्ये ही पद्धत आणली. पुठ्ठ्याच्या कार्डावर भोके पाडायची. जिथे भोक आहे तिथे दोरा उचलला जातो, जिथे नाही तिथे तो खाली राहतो. मोर, वेल, फूल, सगळे या 'आहे' आणि 'नाही' च्या हिशोबातून कापडावर येते. पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हीच कार्डे घेतली. अमेरिकेत हर्मन हॉलेरिथने भोकांच्याच कार्डांवर १८९० च्या जनगणनेची मोजदाद केली. त्याची कंपनी ज्या उद्योगात मिसळली, तोच १९२४ पासून आयबीएम या नावाने ओळखला जाऊ लागला. आजचा संगणकही 'आहे' आणि 'नाही' याच दोन अक्षरांवर चालतो. नक्षीचे कार्ड पंच करणारा कारागीर जे काम करतो, त्याच जातीचे काम संगणकाचा प्रोग्रॅम लिहिणारा करतो.

दुसरी गोष्ट अशी की, वेबवर कोणाचा मक्ता नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये तिची कल्पना मांडली, १९९१ मध्ये पहिली वेबसाइट जगासमोर आली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट देण्यास सुरुवात केली. तेव्हा वेबसाइट बनवायला कोणाची परवानगी लागत नाही, कोणाला रॉयल्टी द्यावी लागत नाही. पैसा लागतो तो जागेचा, पत्त्याचा आणि माणसाच्या मेहनतीचा.

कोणती वस्तू काय करते

पहिली वस्तू म्हणजे पत्ता, ज्याला डोमेन म्हणतात. डॉट कॉम किंवा डॉट इन असे शेपूट असलेले हे नाव. ते कायमचे विकत मिळत नाही, मुदतीने मिळते. डॉट कॉम नाव एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी घेता येते. मुदत संपल्यावर नोंदणी करणारी कंपनी सहसा काही दिवस नूतनीकरणाची सवलत देते. त्यानंतर तीस दिवसांची सोडवणुकीची मुदत असते, तिच्यात जादा पैसे भरून नाव परत घेता येते. तीही गेली की पुढच्या पाच दिवसांत नाव मोकळे होते आणि जगातला कोणीही ते घेऊ शकतो. डॉट इन नावांची व्यवस्था निक्सी ही भारतीय संस्था पाहते आणि २००५ पासून ही नावे सर्वसामान्यांना सहज मिळू लागली. ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' असेही नाव घेता येते आणि त्यात मराठीचा समावेश आहे. दुकानाच्या पाटीवर मराठी नाव शोभते तसे हे नावही शोभेल, पण अशा पत्त्यावरचा ई-मेल अजून सगळीकडे स्वीकारला जात नाही. म्हणून ते जोडीला असावे, मुख्य पत्ता डॉट इन किंवा डॉट कॉमचा ठेवावा.

दुसरी वस्तू म्हणजे जागा, होस्टिंग. वेबसाइटची पाने रात्रंदिवस चालू असणाऱ्या एका संगणकावर ठेवावी लागतात. त्याला सर्व्हर म्हणतात आणि त्यावरची जागा भाड्याने मिळते. एका सर्व्हरवर अनेकांचे बिऱ्हाड असले तर भाडे कमी, स्वतंत्र सर्व्हर घेतला तर जास्त. पत्ता आणि जागा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे नीट लक्षात घ्यावे. गाळा बदलला तरी दुकानाचे नाव तेच ठेवता येते. तसेच जागेचे भाडे परवडेनासे झाले तर दुसरीकडे जाता येते आणि पत्ता तोच राहतो. अट एकच, पत्ता आपल्या नावावर हवा.

तिसरी वस्तू म्हणजे पाने. ती तीन भाषांनी बनतात. शिंपीकाम करणाऱ्या बांधवांना उदाहरण द्यायचे तर, कापून जोडलेला शर्ट म्हणजे एचटीएमएल. बाही कुठे, खिसा कुठे, हे ती सांगते. त्याचा रंग, कॉलरची ठेवण, बटणांची निवड म्हणजे सीएसएस. ग्राहकाने बोट लावताच फोटो मोठा होणे, साइज निवडताच भाव बदलणे, ही हालचाल जावास्क्रिप्टची. ही भाषा नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत उभी केली.

चौथी वस्तू पडद्यामागची. कोणता माल किती शिल्लक आहे, कोणी काय मागवले, कोणाचे पैसे आले, याची वही म्हणजे डेटाबेस, आणि त्या वहीतून हवे ते काढून पानावर ठेवणारा मुनीम म्हणजे पीएचपी किंवा पायथनसारख्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम. ज्याला फक्त आपल्या कारखान्याची माहिती आणि फोन नंबर द्यायचा आहे, त्याला या वहीची गरजच नसते. २००३ मध्ये निघालेले वर्डप्रेस हे मोफत साधन वापरून साधी वेबसाइट लवकर उभी राहते आणि मालक स्वतः त्यात मजकूर बदलू शकतो.

पाचवी वस्तू म्हणजे कुलूप. पत्त्याच्या आधी एचटीटीपीएस असे दिसते, तो या कुलपाचा शिक्का. जुलै २०१८ पासून गुगलचा क्रोम ब्राउझर हा शिक्का नसलेल्या वेबसाइटला 'सुरक्षित नाही' असा शेरा देऊ लागला. ग्राहक असा शेरा पाहून मागे फिरतो. साध्या वेबसाइटला पुरेसा होणारा हा शिक्का लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था मोफत देते. तेव्हा याच्या नावाखाली कोणी मोठी रक्कम मागितली तर कारण विचारावे.

कोणता कारागीर काय करतो

आमच्याकडे मागाच्या कारखान्यात ताणा लावणारा वेगळा, कांड्या भरणारी वेगळी, माग दुरुस्त करणारा जॉबर वेगळा, विणणारा वेगळा, रंगाई करणारा वेगळा आणि काठ शिवणाऱ्या बाया वेगळ्या. जॉबरला रंगाई सांगितली तर माल बिघडेल, हे आम्ही जाणतो. वेबसाइटचेही तसेच आहे. पान कसे दिसावे हे ठरवणारा डिझायनर. ते पान एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टमध्ये उतरवणारा फ्रंट-एंड डेव्हलपर. वहीचे आणि पैशांच्या देवघेवीचे काम पाहणारा बॅक-एंड डेव्हलपर. सर्व्हर चालता ठेवणारा आणि रोजची नक्कल, म्हणजे बॅकअप, काढणारा देखरेखीचा माणूस. याखेरीज मजकूर लिहिणारा, मालाचे फोटो काढणारा आणि गुगलवर वेबसाइट सापडावी अशी मांडणी करणारा.

लहान कामात एकच मुलगा हे सगळे करतो आणि त्यात गैर काही नाही. एका मागाच्या घरातही एकच कुटुंब सगळी कामे उरकते. पण कोणते काम तो स्वतः करणार आणि कोणते राहून जाणार, हे आधी विचारले पाहिजे. आमचा अनुभव असा की दोन कामे हमखास राहतात. एक बॅकअप आणि दुसरे मजकूर. मजकूर कोणी लिहीत नाही म्हणून कुठल्या तरी परक्या वेबसाइटवरचे गोल गोल इंग्रजी उतरवले जाते. टॉवेलचे वजन किती ग्रॅम, लांबी-रुंदी किती, रंग धुण्यात टिकतो का, किमान किती नग द्यायचे, ट्रान्सपोर्ट कोणाचे, हे घाऊक ग्राहकाला हवे असते आणि नेमके तेच तिथे नसते. हा मजकूर मालकानेच लिहून द्यावा. तो त्याच्याइतका कोणालाच माहीत नाही. मराठी मजकूर द्यायचा असेल तर तो युनिकोडमध्ये द्यावा. छपाईसाठी श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेले पत्रक जसेच्या तसे वेबसाइटवर टाकले तर अक्षरांची खिचडी दिसते. ते आधी बदलून घ्यावे लागते.

कायदा काय म्हणतो

पैसे मी दिले म्हणजे वस्तू माझी, असा आमचा सरळ समज असतो. प्रोग्रॅमच्या बाबतीत कायदा इतका सरळ नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७ प्रमाणे लिहिणारा हाच पहिला मालक असतो. पगारी नोकराने नोकरीत केलेले काम मालकाचे होते, पण बाहेरच्या माणसाकडून ठेक्याने करून घेतलेला प्रोग्रॅम लेखी करार नसेल तर त्याचाच राहतो. फोटोचा नियम उलटा आहे. पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा. हक्क आपल्याकडे घ्यायचा तर कलम १९ प्रमाणे सही केलेले लेखी हस्तांतरण लागते. त्यात मुदत लिहिली नाही तर ते पाच वर्षांपुरते धरले जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरते. ज्याचा माल परदेशी जातो त्याने ही दोन वाक्ये करारात घालायला विसरू नये. एका पानाचा करार पुरतो, वकिलाची फीही फार नाही.

नावाची किंमत या शहराला नवीन सांगायला नको. दुसरीकडे विणलेल्या चादरी 'सोलापुरी' म्हणून विकल्या जाऊ लागल्या, तेव्हाच नावाची नोंदणी का हवी हे कळले. सोलापुरी चादर आणि सोलापूरचा टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळाले ते याच जाणिवेतून. जे शहराच्या नावासाठी केले, ते आपल्या पेढीच्या नावासाठी प्रत्येकाने करावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

व्हॉट्सअ‍ॅप आहे ना, मग कशाला?

हा प्रश्न चाटी गल्लीपासून विजापूर वेशीपर्यंत कुठेही ऐकू येईल, आणि तो अगदीच चुकीचा नाही. ज्या टेलरचे गिऱ्हाईक त्याच्याच मोहल्ल्यातले आहे, त्याला वेबसाइटची गरज नाही. त्याने उगाच खर्च करू नये. विजापूर वेशीच्या मीना बाजारात रमजानपुरते दुकान लावणाऱ्याला फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप पुरे.

पण ज्याचा माल जिल्ह्याबाहेर जातो, जो शाळांचे गणवेश परराज्यात पाठवतो, ज्याला न ओळखणारा ग्राहक शोधत येतो, त्याने परक्याच्या ओट्यावरच कायमचे दुकान मांडू नये. ओटा मालकाचा आहे, तो कधीही उठवू शकतो. याहूच्या जिओसिटीजवर लाखो लोकांनी पाने बनवली होती. २००९ मध्ये ती सेवा बंद झाली. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. जून २०२० मध्ये टिकटॉकवर आपल्या देशात बंदी आली आणि तिथे गिऱ्हाईक जमवलेल्या कारागिरांचे गिऱ्हाईक रातोरात गेले. गुगलने छोट्या दुकानांना मोफत वेबसाइट बनवून दिल्या होत्या. मार्च २०२४ मध्ये त्याही बंद केल्या. यात कोणी अन्याय केला असे आम्ही म्हणत नाही. त्यांची जागा, त्यांची मर्जी. बाजारात ओटा जरूर लावावा, पण ग्राहकाला शेवटी आपल्या स्वतःच्या पत्त्यावर आणावे.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने निघाली आहेत. चार वाक्ये सांगितली की पान तयार होते. त्याने बनवण्याची मेहनत कमी होईल, पण पत्ता कोणाच्या नावावर, हा प्रश्न तिथेही तसाच उभा राहतो.

बनवणाऱ्यांच्या बाजूने दोन शब्द

आतापर्यंत आम्ही मालकाच्या बाजूने बोललो. दुसरी बाजूही बोलली पाहिजे. वेबसाइट बनवणारी मुले आपल्याच शहरातली आहेत. एचटीएमएल आणि सीएसएस शिकायला इंजिनीअरिंगची पदवी लागत नाही; एक साधा संगणक, नेट आणि काही महिन्यांची चिकाटी लागते. बेगम पेठेतली, नई जिंदगीतली मुले-मुली हे काम शिकू शकतात आणि घरी बसून करू शकतात. पण त्यांच्याशी आमचे वागणे कसे असते? भाव आधी ठरत नाही. काम झाल्यावर "जरा रंग बदल, आणखी दोन पाने घाल" असे महिनोन्‌महिने चालते. शेवटचा हप्ता अडकवला जातो. मग तो मुलगा वेबसाइटची चावी स्वतःकडे ठेवतो, कारण बाकी वसूल करायला त्याच्याकडे दुसरे काही नसते. अर्ध्याअधिक भांडणांचे मूळ इथे आहे. मागावरच्या माणसाची मजुरी आठवड्याला चुकती होते. पडद्यावर विणणाऱ्याची का रखडावी?

म्हणून व्यवहार दोन्ही बाजूंनी स्वच्छ हवा. काम किती पानांचे, बदल किती वेळा, हप्ते कोणत्या टप्प्यावर, पुढची देखरेख किती रुपयांत, हे आधी कागदावर उतरवावे. पत्ता मात्र पहिल्या दिवसापासून पेढीच्या नावावर, पेढीच्या ई-मेलवर आणि पेढीच्या पैशांतून घ्यावा. तो हप्त्यांच्या वादात कधीच सापडू नये. साध्या पत्त्याचा वर्षाचा खर्च हजार रुपयांच्या आगेमागे असतो. एवढ्यासाठी दुसऱ्याच्या नावावर अवलंबून राहण्याचे कारण नाही.

ज्यांची वेबसाइट आधीच चालू आहे, त्यांनी हा आठवडा संपण्यापूर्वी बनवणाऱ्याला बोलावून चहा पाजावा आणि पाच गोष्टी विचाराव्यात. पत्ता कोणाच्या नावावर आहे? त्याची मुदत कधी संपते? होस्टिंगचे खाते कोणाच्या ई-मेलवर आहे? शेवटचा बॅकअप कधी काढला आणि तो कुठे आहे? सर्व पासवर्ड कोणाकडे लिहून ठेवले आहेत? उत्तरे एका वहीत उतरवून ती वही दुकानाच्या करारपत्रांबरोबर तिजोरीत ठेवावी. मुदतीची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहावी. जुनी काही बाकी असेल तर त्याच बैठकीत चुकती करावी आणि नाव आपल्याकडे बदलून घ्यावे.